लेआने मागितलेली मुलगी

जिलेबी मी खात नाही. मधुमेह वगैरे काही नाही, राग आहे म्हणून खात नाही. आमच्या भागात बाळंतपण झालं की मुलगा असेल तर उपकेंद्रात पेढे येतात आणि मुलगी असेल तर जिलेबी. तीही आली तर. बत्तीस वर्षं मी बीड जिल्ह्यात आरोग्य सेविका होते, शेवटची अकरा वर्षं दिंद्रुडच्या अलीकडच्या एका गावात, आणि एवढ्या काळात मुलीचे पेढे मी तीनदा पाहिले. त्यातला एक बाप मास्तर होता, एकाला आधीचे चार मुलगे होते आणि तिसरा प्यालेला होता.

संपादकबाई म्हणाल्या, दिवाळीचा अंक आहे, जरा गमतीजमती लिहा. गमती आहेत की. एका बापाने मुलाच्या जन्माची वेळ वीस मिनिटांनी पुढे लिहा म्हणून माझं डोकं खाल्लं होतं, गुरुजींनी सांगितलं होतं की तेव्हा नक्षत्र बदलतं. मी म्हटलं, त्याला परत आत घालते, वीस मिनिटांनी बाहेर काढते, चालेल का? तो माणूस खरंच विचारात पडला. असल्या गमती मी तासभर सांगेन. पण लिहायला बसले की मला मनीषा आठवते आणि माझं डोकं फिरतं. तेव्हा गमती एवढ्याच, पुढचं रागाचंच आहे.

आधी आमचं काम सांगते, कारण शहरातल्या लोकांना नर्स म्हणजे डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन उभी असलेली बाई वाटते. उपकेंद्रात डॉक्टर नसतो. दोन खोल्या, एक बाळंतपणाचं टेबल, एक वजनकाटा, आणि चार-पाच गावांना मिळून मी. बाईची पाळी चुकल्यापासून तिचं मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्या दोघांचं जे काही होईल ते माझ्या रजिस्टरात. दर महिन्याला वजन, रक्तदाब, गोळ्या, आणि पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे. त्या नळीतून मुलगा की मुलगी ते कळत नाही. तरी दर दुसरी सासू मी ऐकत असताना माझ्या तोंडाकडे टक लावून बसते, मी हसले तर मुलगा, कपाळाला आठी पडली तर मुलगी. मी तोंड कोरं ठेवायला शिकले.

आणि मी यहुदी. मूळची अलिबागकडची, आमच्या लोकांना तिकडे शनवार तेली म्हणायचे, कारण घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. माझे वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगायचे. मराठवाड्यात यहुदी हा शब्द माहीत आहे, माणूस पाहिलेला नाही. कोणी मला ख्रिश्चन समजायचे, कोणी मुसलमान, आणि एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं होतं की तुमच्यात लग्नं लागतात का. शुक्रवारी संध्याकाळी मी खोलीत दिवा लावायचे, शनिवारी कुणाला कळा आल्या की दप्तर उचलून निघायचे. वडील म्हणाले होते, जीव वाचवायला शनिवार मोडतो, त्याचं पाप नाही. तेवढ्यावर मी नोकरी काढली.

आता आबांचं घर. आबा म्हणजे गावचे माजी सरपंच, पंचायत समितीवर जाऊन आलेले, ऊस, जीप, दारात सकाळपासून चपलांचा ढीग. सर्कल अधिकारी बदलायचा असो की माझी बदली करायची असो, त्यांच्या एका फोनचं काम. त्यांच्या मंडळी काशीबाई. दोन मुलगे, आणि त्या दोघांना एकाच घरातल्या दोन मुली केलेल्या. थोरली वैशाली, धाकटी मनीषा, सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. वैशालीला दोन मुलगे. मनीषाला दोन मुली. दोन्ही मुलींची बाळंतपणं माझ्याच हातची, दोन्ही वेळा काशीबाई पाठ फिरवून बाहेर गेलेल्या मी पाहिल्या. घरात मनीषाच्या ताटात शेवटी वाढायचे, हे मला वैशालीने सांगितलं होतं. थोरलीला गुन्हेगारासारखं वाटायचं. आईबापाने दोघींना एकाच घरात दिलं ते एकमेकींना सांभाळतील म्हणून, आणि इथे एकीला डोक्यावर घ्यायचं तर दुसरीला पायाखाली घ्यावं लागत होतं.

एका लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर पंधरावीस बायका बसल्या होत्या. काशीबाई थोरल्या नातवाला मांडीवर घेऊन मध्यभागी, आणि धाकटीवरून टोमणे चालू. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सिरिंज खाली ठेवली आणि म्हटलं, आमच्या धर्मग्रंथातली एक गोष्ट सांगते, ऐका.

याकोब नावाचा आमचा मूळपुरुष. त्याला दोन बायका, लेआ आणि राहेल, सख्ख्या बहिणी. शिवाय दोघींच्या दोन दासी, त्यांनाही त्याच्यापासून मुलं. लेआला सहा मुलगे झाले, दासींना दोन-दोन, आणि राहेलची कूस कोरी. मग ग्रंथात फक्त एवढंच येतं की त्यानंतर लेआला मुलगी झाली, तिचं नाव दीना. मुलग्यांच्या नावांची कारणं दिलीत, मुलीच्या नावाचं नाही. आमच्या जुन्या गुरूंना हे खटकलं. त्यांनी अर्थ लावला तो असा, की याकोबाला बाराच मुलगे व्हायचे होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. दहा झाले होते. लेआला सातव्यांदा दिवस गेले, पोटात मुलगा. तिने हिशेब केला की हाही माझाच झाला तर माझ्या बहिणीला एकच उरेल, ती दासींपेक्षाही खाली जाईल. म्हणून ती देवाला म्हणाली, माझ्या पोटातला हा मुलगा नको, मला मुलगी दे. आणि देवाने पोटातल्या मुलाची मुलगी केली.

वैशालीने पदर तोंडाला लावला. मला जोर चढला. शहाणपण मिरवायची खोड मला बापाकडून आलेली, पण बाप पुरतं सांगायचा, मी अर्धं सांगितलं. म्हटलं, गुरूंनी आपापसात वादही घातला, की पोटात आहे ते प्रार्थनेने बदलेल कसं? तर एकाने सांगितलं, चाळीस दिवसांच्या आत असेल तर बदलू शकतं.

काशीबाईंनी एकच प्रश्न विचारला, "चाळीस दिसाच्या आत म्हंता व्हय?"

मी म्हटलं, हो. कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं म्हणून मला बरंच वाटलं, आणि मी पुढच्या मुलाचा दंड धरला.

मनीषाला तेव्हा नुकतेच दिवस राहिले होते, हे मला माहीत नव्हतं. तिने कुणाला सांगितलंही नव्हतं, काशीबाईंनी पाळीचा हिशेब ठेवून ओळखलं होतं. नोंदणीला ती आली तिसरा महिना भरताना. चेहरा भरलेला, हातात नव्या बांगड्या. मला नवल वाटलं. दोन दिवसांनी वैशाली गोळ्या न्यायच्या निमित्ताने एकटी आली आणि खाली बघत तिने सगळं सांगितलं. काशीबाईंनी एका वैदूकडून मुलगा होण्याची पुडी आणली, गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, असलेल्या गाईच्या दुधातून सूर्य उगवायच्या आत तीन दिवस मनीषाला पाजली, आणि सगळ्या भावकीत सांगितलं की चाळीस दिवसांच्या आत पलटतं, शिस्टरच्या पोथीत लिहिलंय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोष्ट होती मुलगी मागणाऱ्या आईची. ती ऐकून ह्या बाईने काय उचललं, तर मुदत. पुडीची कागदाला चिकटलेली भुकटी वैशालीने आणली होती, ती मी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, ह्यात काय असेल सांगता येत नाही, असल्या पुड्यांनी बाळाला व्यंग येऊ शकतं, आता नीट लक्ष ठेवा. म्हणजे आता मला बाळाचाही घोर लागला.

आणि वडिलांनी सांगितलेलं, मी गाळलेलं, ते आठवलं. मूळ नियम उलटा आहे. बायको गरोदर असताना नवऱ्याने मुलगाच होऊ दे म्हणणं ही फुकट गेलेली प्रार्थना, कारण जे व्हायचं ते होऊन गेलं. गावाकडे परतताना आरडाओरडा ऐकू आला तर तो माझ्या घरातला नसो असंही म्हणू नये, कारण ज्याच्या घरातला असेल त्याच्या घरातला तो आहेच. हा नियम आधी, लेआची गोष्ट त्याला अपवाद म्हणून नंतर. मी अपवाद सांगितला आणि नियम खाल्ला, कारण अपवाद ऐकायला गोड होता. ओट्यावर मला टाळ्या हव्या होत्या, दुसरं काही नाही.

तशीच उठून आबांच्या घरी गेले. काशीबाई गहू निवडत होत्या. मी अंगणातूनच बोलायला सुरुवात केली, की पुडी विष आहे, असल्या औषधाने काही होत नाही, माझ्या धर्माच्या नावाने गावात थापा मारू नका. काशीबाई हात न थांबवता म्हणाल्या, तुमीच तर सांगितलं. माझा आवाज आणखी चढला. मग आबा ओसरीवरून उठले. ओरडणारा माणूस नाही तो, आवाज कधी चढत नाही, तेच त्याचं भय.

"औषधाचा भरवसा न्हाई म्हंता?" ते म्हणाले. "ठीक हाय. मग तपासून घिऊ. गाडी दारातच हाय, ओळखी बी हायत. खोटं असंल तर मोकळं करून आणू."

दाराच्या आड मनीषा उभी होती. मोकळं करून म्हणजे काय, ते तिला, मला आणि गव्हातल्या काशीबाईंना सारखंच कळलं.

लिंगतपासणीविरुद्ध कायदा आहे, मला माहीत आहे. आधीच्या गावी असताना अशा एका दवाखान्याची तक्रार मी केली होती. आठ दिवस पाटी उतरली, नवव्या दिवशी समोरच्या इमारतीवर चढली, आणि माझी बदली झाली. आबांची जीप कुठल्या रस्त्याने जाईल, कुठे थांबेल, मला कोण सांगणार होतं? एका मिनिटापूर्वी मी खरं बोलत होते आणि त्या खऱ्यानेच त्या बाळाचा गळा धरला होता.

आबांनी विचारलं, "काय करावं, सांगा. गरज हाय का तपासायची?"

"गरज नाही," मी म्हटलं.

"म्हंजी पलटलंय?"

मी म्हटलं, देवाच्या मनात असेल ते झालंच असेल. हे वाक्य खोटं नाही. पण मी ते कशासाठी वापरलं ते मला माहीत आहे. आबा हसले आणि मला चहा द्यायला सांगितला. मी तो प्यायले. नंतर ग्रामसभेत त्यांनी सगळ्यांपुढे म्हटलं की शिस्टरचा धर्म लई जुना हाय, आपण मान दिला पाहिजे. मी मागच्या रांगेत बसून गप्प ऐकलं.

पुढचे सहा महिने मी गप्प होते. तपासणीला मनीषा यायची, सोबत काशीबाई. त्या नातू असं करतो, नातू लाथा मारतो, म्हणायच्या, आणि मी नळी लावून ठोके मोजायचे. एकशे चाळीस, एकशे बेचाळीस. मनीषाला घरात दूध मिळत होतं, तूप मिळत होतं, तिच्या दोन मुलींना पहिल्यांदा नवे फ्रॉक आले. ती टेबलावर झोपली की पोटावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी बोलायची. मला वाटायचं, घेऊ दे सुख, पुढचं पुढे. ते सुख मीच तिला फसवून देत होते, हे मी स्वतःलासुद्धा म्हणत नव्हते. मुलगा निघाला असता तर आणखी वाईट, हेही मला कळत होतं. मग अख्ख्या तालुक्याने माझ्या नावाने पुड्या खाल्ल्या असत्या.

बाळंतपण एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास. आबांनी जीप पाठवून माजलगावहून पेढे आधीच आणले होते, खोकं गाडीत. काशीबाई बाहेर बाकावर, आत सोबतीला वैशाली. तिसरी खेप, सोपी झाली. बाळ बाहेर आलं, लगेच रडलं. मी आधी हातपाय पाहिले, टाळू, ओठ, पाठ. सगळं धड. पावणेतीन किलो. मग मी म्हटलं, मुलगी.

मनीषाने डोळे मिटले.

काशीबाई दार लोटून आत आल्या. आल्या त्या माझ्यावरच. तुमी सांगितलं, तुमच्या पोथीचं सांगितलं, आमाला गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई. मग टेबलाकडे वळून म्हणाल्या, हिच्याच कुशीत खोट हाय, चाळीस दिसात बी हिनं काय पलटू दिलं न्हाई, न्यावी उचलून तिच्या मायबापानं. मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याआधी वैशाली बोलली. बाळ पुसून तिने छातीशी धरलं होतं.

"तिला कावून बोलताव, आत्याबाई? म्या मागितली हिला."

काशीबाई तिच्याकडे वळल्या.

"तुमी पुडी दिली त्याच्या आदल्या रोजी म्या देवीला म्हणलं, मला दोन पोरं हायत, मनीच्या पोटी पोरगी घाल. माझं आधी ऐकलं. धाडायचं तर मला धाडा."

दोन नातवांच्या आईला धाडता येत नाही. काशीबाईंनी वैशालीला काय वाटेल ते बोलायला सुरुवात केली, कैदाशीण म्हणाल्या, वर्षभर तिच्याशी अबोला धरला, पण मनीषाला माहेरी घालवायचा विषय तिथेच मिटला, कारण दोष एका जागी मावतो आणि ती जागा आता भरली होती. जीप पेढ्यांसकट परत गेली. पुढे कधीतरी मी वैशालीला विचारलं, खरंच मागितलं होतंस का गं? ती म्हणाली, कशाचं बाई, म्या तर अंबाजोगाईला तिला पोरगा व्हावा म्हणून नवस केलता. आमच्या गुरूंनी लेआच्या मनातलं लिहून ठेवलं ते मी लहानपणापासून ऐकलं होतं. पण एक बहीण दुसरीसाठी काय करते ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण मी ते फक्त ओट्यावर सांगितलं होतं.

दुपारी मनीषाला दूध पाजायला शिकवायची गरज नव्हती, तरी मी तिच्याजवळ जाऊन बसले. वाटलं होतं, ती आभार मानेल. खोटं कशाला सांगू, वाटलं होतं. आपण एक जीव वाचवला असं मी मनात घोळवत होते.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुडीनं काय व्हत न्हाई, हे तुमाला ठाव व्हतं."

मी हो म्हटलं. सांगितलं, की मी तोंड उघडलं असतं तर आबा तुला तपासायला घेऊन गेले असते, तूच दाराआडून ऐकलंस.

"आबाला सांगाया येत नव्हतं म्हणताव, बरूबर हाय. मला कावून न्हाई सांगितलं?"

मला उत्तर सुचलं ते असं, की घरात तुझ्या तोंडून निघून गेलं असतं तर.

"म्हंजी तुमाला बी माझा भरवसा नव्हता," ती म्हणाली. "सहा महिने म्या हिला पोरगा म्हणून बोलले. नाव ठिवलं व्हतं. तुमी नळी लावून ऐकत व्हत्या, तवा बी मी बोलतच व्हते." बाळाला दुसऱ्या बाजूला घेऊन म्हणाली, "पोटातल्या लेकराला वाचवलं तुमी. मला कुणी हिशोबात धरलं व्हतं?"

मी उठून अवजारं उकळायला ठेवली, त्याची तेव्हा गरज नव्हती. आबांचा मला राग आहे, काशीबाईंचा आहे, त्या वैदूचा आहे, तो अजून गेवराईच्या बाजूला फिरतो असं ऐकते. पण त्यांनी जे केलं ते ते करणारच होते. मनीषाला माणूस समजायचं काम त्या गावात माझ्या एकटीचं होतं, सरकार त्यासाठी मला पगार देत होतं, आणि मीही तिला पोट समजले.

बाळाच्या जन्माच्या लसी उपकेंद्रातच झाल्या, त्यानंतरची दीड महिन्याने. ओट्यावर मी तिचं कार्ड वर काढून ठेवलं होतं. मनीषा आली नाही. वैशालीने येऊन सांगितलं, पलीकडच्या गावात टोचून आणलं. पुढची लसही तिकडेच, त्याच्या पुढचीही. मुलगी कडेवर घेऊन तीन किलोमीटर, भर उन्हात. माझ्या उपकेंद्राच्या फाटकासमोरून जायची, मी दारात उभी असेन तर एकदा माझ्याकडे बघायची आणि चालत राहायची. मला वाटलं, बिचारीला तिकडे जायला हाच रस्ता. निवृत्तीच्या आधी एकदा कॅनॉलवरून येताना मी स्वतः पाहिलं. आबांच्या शेतातून त्या गावाला सरळ पायवाट आहे, झाडांची, निम्म्या अंतराची. घरातल्या सगळ्या बाया त्या वाटेनेच जातात.